अर्जन सिंग: ‘एका तासात विमानं’ या वाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे: भारतीय हवाई दलाचे मार्शल अर्जन सिंग यांच्यावर लेख लिहायचा आहे, पण जिकडे पाहावं तिकडे तीनच गोष्टी सापडतात. इंफाळचं डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक), १९४७ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून नेलेली विमानं आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात ‘हवाई मदत किती वेळात?’ या प्रश्नाला दिलेलं ‘एका तासात’ हे उत्तर. त्यांनी प्रत्यक्षात केलं काय, आणि निवृत्तीनंतर तीस-बत्तीस वर्षांनी त्यांना मार्शल का केलं?

शौर्यपदकांच्या यादीतून हे आयुष्य वाचायला गेलात, तर १९४४ नंतर हाताला काही लागत नाही. परमवीर नाही, महावीर नाही, वीरचक्रही नाही. १९४४ नंतर त्यांचं काम बदललं. दुसरे कुठून उडतील, कोणत्या विमानात उडतील, कोणाच्या माहितीवर आणि कोणाच्या परवानगीने लढतील, हे ठरवणं हे ते काम. या कामात धाडस कमी लागत नाही, पण ते छायाचित्रात येत नाही. तुमचा लेख याच भागावर उभा करा, असं मी सुचवेन. पदकाची गोष्ट सगळ्यांनी लिहून झाली आहे.

सुरुवातीची माहिती पटकन आटोपतो. जन्म १५ एप्रिल १९१९, ल्यालपूर, म्हणजे आजचं फैसलाबाद. घराणं घोडदळातलं. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकत असताना १९३८ मध्ये इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या रॉयल एअर फोर्स कॉलेजसाठी निवड झाली आणि डिसेंबर १९३९ मध्ये कमिशन मिळालं. पहिली नेमणूक १ नंबर स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत, वायव्य सरहद्दीवर. विमान होतं वापिटी: दोन पंखी, उघड्या कॉकपिटचं, तेव्हाही जुनाट ठरलेलं.

सरहद्दीवरची ही वर्षं चरित्रलेखक एका परिच्छेदात उडवून लावतात. मला ती महत्त्वाची वाटतात, कारण तिथलं काम हवाई झुंजीचं नव्हतंच. खाली चालणाऱ्या सैन्याच्या तुकडीला मदत करणं, हे ते काम. तुकडी जमिनीवर कापडी पट्टे पसरून खुणा करायची, वैमानिक त्या वाचायचा. निरोप पिशवीत घालून खाली टाकायचा आणि खालचा निरोप विमानाच्या आकड्याने दोरीवरून उचलून घ्यायचा. दऱ्यांमधून उडताना डोंगरावरचे रायफलवाले बहुधा विमानाच्या वर असत, म्हणजे गोळी वरून खाली यायची. अर्जन सिंग यांचं विमान अशाच गोळीबारात खाली आलं आणि ते कोरड्या नाल्यात उतरले. चेहऱ्याला मार लागला, पण ते वाचले. या कामातून वैमानिकाला एक गोष्ट कळते, जी झुंजीच्या प्रशिक्षणात कळत नाही: वरून दिसणारं आणि खाली असलेलं यांत मोठी तफावत असते, आणि खालच्या माणसाशी बोलण्याची सोय नसेल तर वरच्या माणसाची चूक ठरलेली. हे वाक्य लक्षात ठेवा; १९६५ च्या युद्धाच्या पहिल्याच संध्याकाळी त्याचा प्रत्यय आला.

आता इंफाळ. फेब्रुवारी १९४४ मध्ये १ नंबर स्क्वाड्रन तिथे पोचलं, तेव्हा स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग २४ वर्षांचे होते. विमान हरिकेन. झुंजीच्या विमानांत हरिकेन तोवर मागे पडलं होतं, पण स्क्वाड्रनला दिलेल्या कामाला चांगलं होतं. सैन्यात त्या कामाला ‘टॅक-आर’ म्हणतात, म्हणजे रणांगणाची हवाई टेहळणी. विमानं जोडीने जायची. पुढचा वैमानिक खाली उतरून रस्ता, नदी, डोंगराची सोंड पाहत जायचा. त्याचे डोळे जमिनीवर असल्याने आकाश पाहणं त्याला शक्य नसे. म्हणून दुसरा थोडा वर, मागे राहून डावी-उजवीकडे वळणं घेत त्याची पाठ राखायचा. त्याला ‘वीव्हर’ म्हणत. वीव्हरला बढाई मारण्यासारखं काही मिळत नाही, पण तो चुकला तर दोघेही जातात.

जंगलात शत्रू दिसत नाही, त्याच्या खुणा दिसतात. पहाटे झाडांवर तरंगणारा चुलीचा धूर, पावसानंतर चिखलात उमटलेली ताजी चाकोरी, ओढ्यावर काल नसलेला बांबूचा पूल, खेचरांची रांग. तीच वाट तोच वैमानिक रोज पाहत असेल तरच कालचा आणि आजचा फरक कळतो. म्हणून अशा स्क्वाड्रनमध्ये वैमानिकांना ठरावीक पट्टे वाटून देतात. उतरल्यावर लष्कराचा संपर्क अधिकारी लगेच नकाशा पुढे करून विचारतो: कुठे, किती वाजता, किती, कोणत्या दिशेने. उत्तर तासभर उशिरा आलं तर त्याची किंमत अर्धी होते.

जागाही अवघड. इंफाळचं खोरं समुद्रसपाटीपासून सुमारे ७८० मीटर उंच आहे आणि चारी बाजूंनी डोंगर. पावसाळ्यात ढग डोंगरांवर बसले की वाडग्यावर झाकण पडल्यासारखं होतं. बाहेर गेलेला वैमानिक परत आत यायला फट शोधत राहतो आणि पेट्रोल संपत जातं. मार्च १९४४ मध्ये जपान्यांनी हल्ला चढवला, रस्ता तुटला, आणि कोहिमाकडून आलेली फौज २२ जूनला १०९ व्या मैलाच्या दगडापाशी इंफाळच्या फौजेला भेटेपर्यंत सगळी रसद हवेतून येत होती. वेढा पडलेल्या खोऱ्यातल्याच धावपट्ट्यांवरून हे स्क्वाड्रन उडत राहिलं, आणि पुढे १९४५ च्या वसंतापर्यंत आघाडीवर राहिलं. आग्नेय आशियाच्या दोस्त फौजांचे सरसेनानी माउंटबॅटन यांनी इंफाळला येऊन अर्जन सिंग यांच्या छातीवर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस लावलं. स्क्वाड्रनच्या प्रमुखाला मिळालेलं हे पदक एखाद्या झुंजीतल्या चमकीसाठी नव्हतं. जुन्या विमानांचं स्क्वाड्रन पावसात, वेढ्यात, महिनोन्महिने उडतं ठेवलं, यासाठी ते होतं.

१९४७ च्या १५ ऑगस्टला दिल्लीवरून शंभराहून अधिक विमानांचं संचलन त्यांनी नेलं. त्यानंतर ते अंबाल्याच्या तळाचे प्रमुख झाले. पुढची एक नोंद मात्र नीट करा: १९४९ ते १९५२ आणि पुन्हा १९५७ ते १९६१, असं दोनदा ते ऑपरेशनल कमांडचे प्रमुख होते. हीच पुढे वेस्टर्न एअर कमांड झाली. पंजाबातले तळ, तिथल्या धावपट्ट्या, रडार, कोणत्या तळावरून किती अंतर, हे सगळं त्यांना कागदावरून नाही, तर वर्षानुवर्षांच्या सरावातून माहीत होतं. १९६५ मधल्या त्या उत्तरामागे ही वर्षं आहेत.

१९६२ च्या चीन युद्धात सरकारने लढाऊ विमानं वापरलीच नाहीत. वाहतूक विमानांनी अफाट काम केलं, पण हंटर ही लढाऊ आणि कॅनबेरा ही बॉम्बफेकी विमानं हल्ल्यासाठी पाठवली नाहीत. युद्धानंतर विस्ताराची घाई झाली: नवी स्क्वाड्रन्स, नवे तळ, मिग-२१ चा सोव्हिएत करार, आणि त्याच्या उत्पादनासाठी नाशिकजवळ ओझरचा कारखाना. याच काळात अर्जन सिंग उपप्रमुख झाले. १९६३ च्या अखेरीस ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन हवाई दलांबरोबर झालेल्या ‘शिक्षा’ या संयुक्त सरावाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. १ ऑगस्ट १९६४ ला ते हवाई दलप्रमुख झाले, वय ४५. म्हणजे १९६५ च्या युद्धाआधी त्यांना हातात मिळालं जेमतेम एक वर्ष, तेही अर्धवट विस्तारलेल्या, नवीन माणसांनी भरलेल्या आणि बराचसा भाग चीनच्या भीतीने पूर्वेकडे बांधून ठेवलेल्या हवाई दलासह.

१ सप्टेंबर १९६५. छांब भागात पाकिस्तानी पॅटन रणगाडे अखनूरच्या दिशेने निघाले होते. अखनूरचा पूल गेला असता तर राजौरी-पूंछची वाट तुटली असती. दुपारी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या कार्यालयात लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी हवाई मदत मागितली. किती वेळात, असं विचारल्यावर अर्जन सिंग यांनी तासाभरात असं उत्तर दिलं. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ म्हणून महाराष्ट्राने ज्यांना १९६२ मध्ये दिल्लीला पाठवलं, ते चव्हाण औपचारिक बैठकीची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी तिथेच होकार दिला. पठाणकोटहून पहिली विमानं १७ वाजून १९ मिनिटांनी उडाली.

लेखात इथे थांबू नका, कारण खरी माहिती याच्या पुढे आहे. तासाभरात उड्डाण व्हायचं तर विमान, दारूगोळा, इंधन आणि वैमानिक आधीच योग्य तळावर असावे लागतात. आदेश मिळाल्यावर हलवाहलव सुरू केली तर दिवस जातो. पठाणकोट छांबला जवळ होता आणि तिथे व्हॅम्पायर व मिस्टेअर ही विमानं होती. प्रश्न होता व्हॅम्पायरचा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला तयार झालेलं हे विमान, पुढचा सांगाडा चक्क लाकडी, पंख सरळ, वेग ताशी ८८० किलोमीटरच्या आसपास. समोर पाकिस्तानी सेबर: मागे वळलेले पंख, ताशी सुमारे १,१०० किलोमीटर, काहींवर साइडवाइंडर क्षेपणास्त्रं. सेबर गाठायला आलं तर व्हॅम्पायरला पळताही येत नाही. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर परतली नाहीत आणि तीन वैमानिक गेले.

दुसरी चूक जास्त बोचरी आहे आणि पुष्कळ लेखांत ती वगळलेली असते. काही विमानांनी आपल्याच रणगाड्यांवर आणि दारूगोळ्याच्या गाड्यांवर मारा केला. कारणं सांगता येतात. संध्याकाळ झालेली, उडालेली धूळ, पश्चिमेकडे तोंड केल्यावर डोळ्यांत उतरता सूर्य. दोन्ही बाजूंचे रणगाडे एकमेकांत मिसळलेले. आपल्या पुढच्या फळीची रेषा, जिला बॉम्बलाइन म्हणतात, ती तासातासाला मागे सरकत होती, आणि जमिनीवरून रेडिओवर वैमानिकाला लक्ष्य दाखवून देणारा अधिकारी तिथे नव्हता. ताशी ७०० किलोमीटरने जाणाऱ्या वैमानिकाला सेकंदाला जवळजवळ २०० मीटर मागे टाकत रणगाड्याचा बुरूज ओळखायचा असतो. सरहद्दीवरचे कापडी पट्टे या वेगाला चालत नाहीत.

मग ते उत्तर योग्य होतं की अयोग्य? माझ्या मते योग्य, आणि ते किंमत मोजून योग्य. त्या दोन तासांत रणगाडे नुसते रस्त्यावरून पुढे आले असते तर अखनूर धोक्यात होतं. हवाई हल्ल्याने त्यांचा वेग मोडला, अंधार पडला आणि लष्कराला रात्र मिळाली. पण ‘तासाभरात पाठवली आणि युद्ध फिरलं’ असं लिहिणं म्हणजे त्या तीन वैमानिकांवर अन्याय आहे. दलप्रमुखाची परीक्षा खरी दुसऱ्या दिवशी होती. व्हॅम्पायर आघाडीवरून काढून घेतली गेली आणि नॅट पठाणकोटला आणली गेली. नॅट इतकं छोटं विमान की समोरून येताना ते दिसतच नाही. ३ सप्टेंबरला मिस्टेअर आमिष म्हणून वरून गेली, त्यांना टिपायला सेबर आली, आणि रडारच्या नजरेखालून आलेली नॅट एकदम वर उसळली. भारतीय हवाई दलाच्या नोंदीप्रमाणे पहिलं सेबर त्याच दिवशी ट्रेव्हर कीलर यांनी पाडलं. चाल आखली आघाडीवरच्या वैमानिकांनी. वरच्यांनी केलं ते एवढंच की योग्य विमान वेळेवर तिथे पोचवलं आणि मधे लुडबुड केली नाही. वरिष्ठांकडून एवढं झालं तरी पुष्कळ असतं.

६ सप्टेंबरला लष्कराने लाहोर भागात आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. त्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबरनी पठाणकोटवर हल्ला करून जमिनीवर उभी असलेली दहाच्या आसपास विमानं जाळली, त्यांत नवी कोरी दोन मिग-२१. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेकडे, पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा तळावर तसंच झालं: रांगेत उभी कॅनबेरा आणि व्हॅम्पायर पेटली. पुढच्या हल्ल्याच्या वेळी हंटरमधल्या आल्फ्रेड कुक आणि एस. सी. ममगाईं यांनी सेबरना गाठलं, त्यामुळे लाज काहीशी राखली गेली. संपूर्ण युद्धात हवाई झुंजीत गेलेल्या विमानांपेक्षा जमिनीवर गेलेली आपली विमानं अधिक होती. हवाई दलप्रमुख म्हणून अर्जन सिंग यांच्या नावावरचा हा सगळ्यात मोठा डाग आहे आणि लेखात तो यायलाच हवा.

असं का झालं, याचा हिशोब सोपा आहे. जमिनीपासून ६० मीटर उंचीवरून येणारं विमान, दहा मीटर उंच अँटेना असलेल्या रडारला पृथ्वीच्या गोलाईमुळे फार तर ४५ किलोमीटरवर दिसतं. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला तर हाती उरतात साडेतीन मिनिटं. तेवढ्यात फोन, निर्णय, वैमानिकाने धावत जाऊन इंजिन सुरू करणं, धावपट्टीवर येणं आणि उंची घेणं, हे बसत नाही. म्हणजे उपाय दोनच: हल्ल्याच्या संभाव्य वेळी आपली विमानं आधीच हवेत फिरती ठेवणं, आणि जमिनीवरची विमानं एकेकटी, आडोशाला ठेवणं. पठाणकोटला त्या क्षणी वर पहारा नव्हता. कलाईकुंड्यात तर पूर्व आघाडी शांत राहील हे गृहीत धरलेलं होतं. सरकारने पूर्वेकडे युद्ध वाढवायचं नाही असं ठरवल्यामुळे मार खाल्ल्यावर तिथे मनासारखं उत्तरही देता आलं नाही. हे बंधन अर्जन सिंग यांना जाचलं, पण त्यांनी ते पाळलं.

७ सप्टेंबरला सरगोधा या पाकिस्तानी हवाई तळावर केलेले हल्ले याच्या उलट बाजूचं उदाहरण. पंजाबातला आपला आदमपूर तळ ते सरगोधा सुमारे ३०० किलोमीटर. खालून उडत जायचं तर इंधन भराभर संपतं, लक्ष्यावर थांबायला मिनिटंच मिळतात, आणि परतीच्या वाटेवर झुंज लागली तर घर गाठता येत नाही. त्या सकाळच्या मिस्टेअरमधल्या स्क्वाड्रन लीडर देवय्या यांनी कितीतरी वेगवान पाकिस्तानी स्टारफायटर विमानाशी झुंज घेतली, ते पाडलं आणि स्वतः परतले नाहीत. इकडे कोणाला ते कळलंच नाही. पाकिस्तानी बाजूची माहिती बाहेर आल्यावर १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

पुढच्या दोन आठवड्यांत चित्र बदललं. खेमकरण भागात पॅटनवर आणि त्यांच्या मागच्या रसदीवर हल्ले झाले. कॅनबेरांनी रात्री पेशावरपर्यंत जाऊन बॉम्ब टाकले आणि २१ सप्टेंबरला सिंधमधल्या बदीनचं पाकिस्तानी रडार फोडलं. २३ सप्टेंबरच्या पहाटे साडेतीनला युद्धबंदी झाली. युद्ध आणखी काही दिवस चाललं असतं तर हवाई दलाने निर्णायक काम केलं असतं, हे मत अर्जन सिंग यांनी म्हातारपणीच्या मुलाखतींतही लपवलं नाही. संख्येचा विचार करता त्यात तथ्य आहे. पण युद्धं ‘असतं’वर मोजत नाहीत. त्यांना १९६५ चं पद्मविभूषण मिळालं आणि जानेवारी १९६६ मध्ये दलप्रमुखाचा हुद्दा एअर मार्शलवरून एअर चीफ मार्शल करण्यात आला. हा हुद्दा मिळालेले ते पहिले.

माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीचा सगळ्यात भरीव भाग इथून सुरू होतो, आणि त्यावर सगळ्यात कमी लिहिलं गेलं आहे. युद्धानंतर ते जवळजवळ चार वर्षं प्रमुख होते. या काळात आघाडीच्या तळांवर विमानांसाठी तिन्ही बाजूंनी जाड भिंतींचे आडोसे, म्हणजे ब्लास्ट पेन, मोठ्या प्रमाणावर उभे राहू लागले. दोन पेनमधलं अंतर असं ठेवायचं की एका बॉम्बने दोन विमानं जाऊ नयेत, तोंडं वेगवेगळ्या दिशांना, आणि टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीकडे जाणारे विमानांचे रस्ते, सरळ न नेता वळवलेले, म्हणजे वरून मशिनगनची एकच रांग मारत कोणाला जाता येणार नाही. हे काम कंटाळवाणं, सिमेंट-विटांचं, निविदांचं. वर्तमानपत्रात येत नाही. त्याच वर्षांत मिग-२१ ची स्क्वाड्रन्स वाढली, देशी बनावटीचं मारुत १९६७ मध्ये स्क्वाड्रनमध्ये आलं, आणि जमिनीवरच्या माऱ्यासाठी सोव्हिएत सुखोई-७ दाखल झालं. लष्कर आणि हवाई दल यांच्यातल्या संपर्काची घडी छांबच्या अनुभवावरून नव्याने बसवायला सुरुवात झाली.

निकाल दिसला ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी. पाकिस्तानने पुन्हा तोच डाव टाकला, पठाणकोटसह पश्चिमेच्या तळांवर अचानक हल्ला. धावपट्ट्यांना खड्डे पडले, ते रात्रीतून बुजले, विमानांचं नुकसान नगण्य. त्या वेळी प्रमुख होते एअर चीफ मार्शल पी. सी. लाल, आणि १९७१ च्या विजयाचं श्रेय त्यांचंच. पण ज्या पेनमध्ये विमानं सुरक्षित राहिली त्यांची पायाभरणी आधीची होती. चुकीची वसुली सहा वर्षांनी, दुसऱ्याच्या नावावर झाली. याबद्दल अर्जन सिंग यांनी कधी हक्क सांगितल्याचं दिसत नाही.

आणखी एक बाब. प्रमुख असतानाही ते स्वतः उडत राहिले. साठाहून अधिक प्रकारची विमानं त्यांनी चालवली, वापिटीपासून स्वनातीत जेटपर्यंत. ही हौस नव्हती, निदान नुसती हौस नव्हती. नव्या विमानाच्या कॉकपिटमधून बाहेर किती दिसतं, उतरताना ते किती चुकार वागतं, हे ज्याने अनुभवलं आहे त्याला अपघाताचा अहवाल वाचताना वेगळे प्रश्न सुचतात.

१५ जुलै १९६९ ला ते निवृत्त झाले. वय अवघं ५०. पुढची नागरी कारकीर्द कामं सोपवली तशी आली. १९७१ ते १९७४ स्वित्झर्लंडमध्ये राजदूत, सोबत व्हॅटिकनचीही जबाबदारी. १९७४ ते १९७७ केनियात उच्चायुक्त. यातलं नैरोबीचं काम नाजूक होतं. शेजारच्या युगांडातून इदी अमीनने १९७२ मध्ये आशियाई लोकांना हाकलून दिलं होतं. केनियातल्या व्यापारी, कारकून, शिक्षक अशा भारतीय वंशाच्या लोकांपैकी कोणाकडे केनियाचं नागरिकत्व, कोणाकडे ब्रिटिश पासपोर्ट, कोणाकडे भारतीय. अशा वेळी उच्चायुक्ताला दोन दगडांवर पाय ठेवावे लागतात: आपल्या माणसांची काळजी घ्यायची, पण यजमान देशाला ही परकी माणसं आहेत असं वाटायला नवं कारण द्यायचं नाही. परतल्यावर १९७८ मध्ये स्थापन झालेल्या अल्पसंख्याक आयोगाचे ते सदस्य होते, आणि पुढे दिल्लीच्या आयआयटीच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष.

डिसेंबर १९८९ मध्ये ते दिल्लीचे नायब राज्यपाल झाले. हे पद आजच्या चष्म्यातून पाहू नका. तेव्हा दिल्लीला विधानसभा नव्हती (आजच्या विधानसभेची पहिली निवडणूक १९९३ ची) आणि महानगर परिषदही १९९० च्या सुरुवातीला गेली. म्हणजे मुख्यमंत्री नाही, मंत्रिमंडळ नाही. प्रशासनाची फाइल थेट नायब राज्यपालांकडे, आणि वर केंद्रीय गृहमंत्रालय. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाला जेमतेम पाच वर्षं झाली होती. त्या शहराच्या प्रमुखपदी पगडीधारी निवृत्त हवाई दलप्रमुख बसवण्यात सरकारचा संदेश उघड होता. पाठोपाठ काश्मिरी पंडितांची विस्थापित कुटुंबं दिल्लीत आली, मग ऑगस्टपासून मंडल अहवालाविरुद्धचं विद्यार्थी आंदोलन पेटलं आणि सप्टेंबरमध्ये आत्मदहनाच्या प्रयत्नांपर्यंत गेलं. विश्वनाथ प्रताप सिंग यांचं सरकार नोव्हेंबर १९९० मध्ये पडलं आणि डिसेंबरमध्ये अर्जन सिंग पदावरून बाजूला झाले. एका वर्षात प्रशासक म्हणून मोठा ठसा उमटला असं मी म्हणणार नाही. तेवढा वेळच मिळाला नाही. त्यानंतर त्यांनी कुठल्या पक्षाचा झेंडा घेतला नाही, हे मात्र नोंदवण्यासारखं आहे. लोकप्रियता वटवायला त्यांना संधी कमी नव्हत्या.

आता मार्शल हा हुद्दा. २६ जानेवारी २००२ ला तो जाहीर झाला, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. तो कोणत्याही एका युद्धाचं बक्षीस नाही. लष्करात माणेकशा १९७३ मध्ये आणि करिअप्पा १९८६ मध्ये फील्ड मार्शल झाले होते. हवाई दलात तसा कोणी नव्हता. युद्धकाळात दलाचं नेतृत्व केलेले, हयात असलेले आणि ज्यांच्या नावाला दलात कोणाचा आक्षेप नाही असे ते होते. पंचतारांकित हुद्द्याचा व्यावहारिक अर्थ असा की हा अधिकारी कागदोपत्री निवृत्त होत नाही. गणवेश, बॅटन, गाडीवर पाच तारे आयुष्यभर. बाहीवर एक रुंद पट्टी आणि तिच्यावर चार अरुंद पट्ट्या असतात. अधिकार मात्र कोणतेच नसतात. दलाचा कारभार चार तारे असलेला प्रमुखच पाहतो.

दिल्लीजवळची शेतजमीन विकून त्यांनी निवृत्त हवाई सैनिकांच्या कल्याणासाठी पत्नीच्या आणि स्वतःच्या नावाने ट्रस्ट केला आणि त्यात दोन कोटी रुपये घातले. हवाई दलाचा बहुतांश भाग अधिकारी नसून तंत्रज्ञ आणि इतर श्रेणींतले सैनिक असतात. ते लवकर निवृत्त होतात आणि त्यांचं निवृत्तिवेतन कमी असतं. पैसा कुठे लागतो, हे अर्जन सिंग यांना माहीत होतं. २०१५ मध्ये अब्दुल कलाम यांचं पार्थिव पालमला आलं, तेव्हा ९६ वर्षांचे अर्जन सिंग व्हीलचेअरवरून आले, उभे राहिले आणि सलाम केला. ते छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. १६ सप्टेंबर २०१७ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

लिहिताना काही ठिकाणी हमखास गडबड होते, ती टाळा. ते हवाई दलाचे ‘पहिले भारतीय प्रमुख’ नव्हेत. तो मान सुब्रतो मुखर्जी यांचा. ते ‘पहिले’ एअर चीफ मार्शल, पण ‘एकमेव’ मार्शल. १९६५ मध्ये ते एअर मार्शल होते, त्यामुळे चव्हाणांसमोरच्या प्रसंगात ‘एअर चीफ मार्शल’ लिहू नका, आणि ‘मार्शल’ तर मुळीच नको. डीएफसी इंफाळचं आहे, १९६५ चं नाही. पश्चिम बंगालमधल्या पानागढ तळाला त्यांचं नाव १५ एप्रिल २०१६ ला, म्हणजे हयातीतच, देण्यात आलं. बऱ्याच लेखांत ते मरणोत्तर झाल्याचं छापलेलं आढळतं. आणि नाव ‘अर्जन’ आहे. ‘अर्जुन’ लिहिण्याची सवय मराठी बोटांना फार लवकर लागते, तेव्हा छपाईपूर्वी एकदा शोधून पाहा.